न पेरलेला वाफा

भाविकहो, आपल्या मुलखात आगगाडी अजून यायची होती, त्या काळची ही हकिगत. पालखडी गावाच्या पाठीशी जो डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन साधूंचा जुना मठ आहे. फिरंग्यांच्या अमलात तो बांधला गेला. अंमल गेला, तोफा गेल्या, किल्ल्याच्या भिंतींवर पिंपळ उगवले, पण मठ आणि मठाची बाग जागच्या जागी राहिली. गावातून वर जायला दोनशे बारा पायऱ्या. त्या चढून धापा टाकत वर पोहोचलेल्या माणसाला दाराशी पहिलं दर्शन घडायचं ते बेन्तोबाबांचं. अंगात ठिगळांचा तपकिरी झगा, कमरेला दोर, पाय अनवाणी आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या. आधी पाणी, मग विचारपूस, असा त्यांचा नेम होता.

बाबांकडे मठातली दोन कामं होती. दार सांभाळणं आणि बाग राखणं. बाग त्यांनी उत्तम राखली. दाराचं मात्र विचारू नका. दाराशी येऊन कुणी काही मागितलं की बाबा म्हणायचे, "बरं." नाही हा शब्द त्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात कुणी ऐकला नाही. आम्हा साधूंचं स्वतःचं असं काही नसतं, मग जे आमचं नाही ते अडवणारे आम्ही कोण, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नघराने मठाचं मोठं पातेलं मागून नेलं, तेव्हा सगळे साधू आठवडाभर भाजलेली रताळी खाऊन राहिले. एकदा कुणी विहिरीत पडलेली बादली काढायला घंटेचा दोर नेला. मग तीन दिवस एक साधू शिडीवर चढून हाताने घंटा वाजवायचा. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातला एक जण शिडी मागायला आला. बाबांनी काय उत्तर दिलं असेल, ते भाविकांना सांगायला नको.

आता बागेविषयी थोडं सांगतो. आत शिरलं की डावीकडे लिंबोणीची झाडं, उजवीकडे केळी, मधोमध दगडी क्रूस आणि त्यामागे पावसाचं पाणी साठवणारी टाकी. टाकीजवळच्या भिंतीत कोनाडे होते. त्यांत आडवी ठेवलेली मडकी आणि मडक्यांत सातेरी मधमाश्यांची पोळी. त्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या मठाच्या देवळात जळायच्या. आणि भिंतीच्या पायथ्याशी, टाकीपासून थेट कुंपणापर्यंत, एक लांबरुंद वाफा होता. त्या वाफ्यात कधी काही पेरत नसत. मठाच्या बागेतला एक तुकडा देवावर सोडावा, त्याला काय उगवावंसं वाटतं तेही बघावं, अशी संत फ्रान्सिस यांची शिकवण असल्याचं साधू सांगत. त्यामुळे पाऊस सरला की तिथे तेरडा, कुर्डू, रानतुळस, एकदांडी असं जे काय आपल्या मनाने येईल ते यायचं आणि माणसाच्या कमरेपर्यंत वाढायचं.

या वाफ्यावर एक माळी नेमलेला होता. त्याचं नाव इनास लोपीस. काही न पेरण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि हसू नका, ते काम सोपं नव्हतं. मोकळी जमीन दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. गावच्या बाया देवाच्या नावाने झेंडू टोचून जायच्या. येणारेजाणारे चांगल्या मनाने मिरचीची रोपं लावायचे. एकदा तर मठातल्याच एका वृद्ध साधूला मोह आवरला नाही आणि त्यांनी कोथिंबिरीचे धणे टाकले. इनास रोज सकाळी वाफ्याभोवती फेरी मारायचा, असं पाहुणं रोप दिसलं की मुळासकट अलगद काढायचा आणि दुसऱ्या वाफ्यात नेऊन लावायचा. बोलायला तो सावकाश. एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचं पान खाऊन व्हायचं. तो आणि त्याची बायको पावलीन बागेच्या टोकाला एका झोपडीत राहायचे. पावलीनला बोलायला अजिबात वेळ लागत नसे. दोघांच्या वाटणीचं बोलणं देवाने तिच्याचकडे दिलं होतं.

इनास मठात आला तो आगुस्तीन मुकादमांच्या कृपेने. मुकादम म्हणजे पालखडीतले सगळ्यांत मोठे बागायतदार. केळी त्यांची, पानमळे त्यांचे, आणि सगळं कसं एका ओळीत. कोटाच्या खिशात ते सुताची दोरी बाळगायचे आणि चालता चालता दोरी ताणून ओळी तपासायचे. त्यांच्या अंगणात कोंबड्यासुद्धा रांगेत दाणे टिपतात, असं गावात म्हणत. मी पाहिलेलं नाही. इनास पूर्वी त्यांच्याच मळ्यात होता, पण बिचाऱ्याची ओळ सरळ यायची नाही. तिसऱ्या रोपापर्यंत ठीक, चौथं डावीकडे जायचं. मुकादमांनी चारचौघांत त्याला घालवून दिलं. रडत तो पायऱ्या चढला आणि त्याने दाराशी काम मागितलं. बाबा म्हणाले, "बरं. जिथे ओळ लागत नाही असं एक काम आहे आपल्याकडे."

अकरा वर्षं सुखात गेली. मग एके दिवशी मुकादमांच्या मनात मठाचा उद्धार करायचं आलं. शहरातले त्यांचे दोन पाहुणे हा ऐतिहासिक मठ पाहायला येणार होते आणि मुकादमांना त्या रानाची लाज वाटू लागली. ते वर आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाबा, तो टाकीजवळचा वाफा मला द्या. चारशे गुलाबांची कलमं मागवलीत. गुरुवारी माणसं घेऊन येतो, तण काढतो आणि ओळीत गुलाब लावून देतो."

"बरं, मुकादमभाऊ," बाबा म्हणाले.

बाबा सगळ्यांनाच भाऊ म्हणत. गड्यालाही भाऊ, कावळ्यालाही भाऊ. मुकादमांना हे फारसं रुचत नसे. परत जाताना ते इनासच्या झोपडीपाशी थांबले. "गुरुवारपर्यंत सामान बांधून ठेव. गुलाबाच्या बागेत तुझ्यासारख्याचं काय काम? अकरा वर्षं तू काहीच केलं नाहीस, आणि तेही वाकडंच केलंस." एवढं बोलून स्वतःच्या विनोदावर हसत ते पायऱ्या उतरले.

इनासला दुसरं घर नव्हतं, दुसरं काम येत नव्हतं. सरळ ओळ त्याला या जन्मी जमणार नव्हती, हे त्याला स्वतःलाही माहीत होतं. तो आणि पावलीन तसेच दाराशी गेले.

"बाबा," इनास म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुढचं आलं, "वाफा खणू देऊ नका."

"बरं," बाबा म्हणाले.

इनासचा चेहरा उजळला. पावलीनचा नाही. "बाबा, मगाशी मुकादमांना पण तुमी बरंच म्हणालात ना?"

"हो, म्हणालो."

"मंग?"

"मग काय? त्यांनी मागितलं, त्यांना दिलं. इनासभाऊंनी मागितलं, त्यांना दिलं."

"वाफा एकच हाय, बाबा."

बाबा विचारात पडले. "तेही खरंच," ते म्हणाले. "पण वाफा माझा कुठे आहे, पावलीनबाई? ज्याचा आहे तो बघेल की."

"त्याला सांगितलंत का तुमी?"

"आज प्रार्थनेत सांगतो."

"जरा लवकर सांगा. गुरुवारी कुदळी येतायत," असं म्हणून पावलीन सामान बांधायला गेली. तिची श्रद्धा होती, पण मडकीकुडकी वेळेवर बांधलेली बरी, असं तिचं मत होतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मुकादम आले. अंगात काळा कोट, डोक्यावर नवी कोरी काळी उंच टोपी, गालांवर तेल लावून वळवलेले कल्ले. मागे दोन पाहुणे आणि त्यांच्या मागे कुदळी घेतलेले सहा गडी. पाहुण्यांना त्यांनी मठ असा दाखवला की जणू तो त्यांच्या आजोबांनीच बांधला होता. कमानी दाखवल्या, क्रूस दाखवला, टाकीत खडा टाकून तिची खोली ऐकवली. मग वाफ्यापाशी येऊन म्हणाले, "आणि हे रान. आजच्या दिवसापुरतं बघून घ्या. याची राखण करायला माणूस ठेवलाय या लोकांनी. तो बघा, तो." पाहुणे हसले. इनास तेरड्याच्या कडेला हात जोडून उभा होता. त्यानेही हसण्याचा प्रयत्न केला.

मुकादमांनी गड्यांना खूण करायला हात उचलला, तोच दुपारची बाराची घंटा झाली. आता मठाचा नेम असा की बाराच्या घंटेपासून तीनच्या घंटेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि बागेत कुदळही वाजवायची नाही. बाहेरचा माणूस बोलला तर त्याला शिक्षा नव्हती, फक्त उत्तर मिळायचं नाही. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, तीन बोटं दाखवली आणि लिंबोणीखाली जाऊन डोळे मिटले. गडी खुशीत कुदळी टाकून वडाखाली आडवे झाले. मुकादमांनी वेळ वाया घालवला नाही. खिशातून दोरी काढून ते कमरेएवढ्या रानात शिरले आणि खुंट्या ठोकायला लागले. इनास त्यांच्या मागे मागे फिरत होता. बोलायची मनाई, आणि बोलायची मुभा असती तरी त्याचं वाक्य तीनपर्यंत पुरं झालं नसतं. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. रोजची माश्यांची झुंबड आजही फुलांवर होती आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

पुढे जे घडलं ते पाहणाऱ्यांनी आपल्या मुलाबाळांना शपथेवर सांगितलं आहे. भिंतीतल्या एका मडक्यातून माश्या बाहेर पडू लागल्या. दहा नाही, वीस नाही, मडकं रिकामं होईपर्यंत पडल्या. क्रूसाभोवती त्यांनी एक फेरी घेतली, लिंबोणीखाली बसलेल्या बाबांवरून गेल्या आणि सरळ येऊन मुकादमांच्या नव्या टोपीवर उतरल्या. टोपी पुरेना, तेव्हा कपाळावर उतरल्या, कल्ल्यांवर उतरल्या, कोटाच्या खांद्यांवर उतरल्या. काही शहाणी माणसं म्हणतात की टोपी काळी होती, कल्ल्यांना सुगंधी तेल होतं, माश्या अशा जागी बसतातच. म्हणू देत बापडे. तेच तेल लावून मुकादम गेली वीस वर्षं हिंडत होते.

शहरातले पाहुणे दोनशे बारा पायऱ्या किती वेळात उतरले, याची नोंद कुठे नाही. गडी उठले, त्यांनी पाहिलं आणि कुदळी विसरून पाहुण्यांच्या मागे गेले. राहिले फक्त मुकादम. ओरडावं तर ओठांवर माश्या. हात हलवावा तर हातावर माश्या. उजवा डोळा झाकलेला, डावा उघडा. त्या एका डोळ्याने ते बाबांकडे बघत राहिले, आणि त्या डोळ्यात जेवढी म्हणून विनंती मावते तेवढी होती.

बाबा उठले. मुकादमांना वाटलं, आता सुटलो. बाबांनी जवळ येऊन त्यांना नीट न्याहाळलं, खूप कौतुकाने मान हलवली, मग आत जाऊन एक तिपाई आणली, मुकादमांच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसून पुन्हा डोळे मिटले. तीनची घंटा व्हायला अजून अडीच तासांवर वेळ होता, आणि बाबांनी मौन कधी मोडलं नव्हतं.

ऊन पावसानंतरचं, चांगलंच चटकत होतं. इनासने मुकादमांकडे पाहिलं. कपाळावरून घाम निघून माश्यांच्या मधून वाट काढत होता. इनास केळींकडे गेला, एक मोठं पान कापून आणलं आणि दोन्ही हातांनी मुकादमांच्या डोक्यावर धरून उभा राहिला. पावलीन झोपडीच्या दारातून हे बघत होती. तिने कपाळावर हात मारला. थोड्या वेळाने पाण्याचा लोटा घेऊन आली. नवऱ्याला पाणी पाजलं. मग मुकादमांपुढे लोटा धरला, भुवया उंचावून विचारलं, वाट पाहिली, आणि उत्तर येत नाही असं दिसल्यावर उरलेलं पाणी स्वतः पिऊन निघून गेली.

असा एक तास गेला, मग दुसरा गेला. भाविकहो, आगुस्तीन मुकादम इतका वेळ एका जागी गप्प उभे राहिल्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. करायला काही नव्हतं, बोलायला काही नव्हतं. उघड्या डोळ्यासमोर तेवढा तो वाफा होता. आधी त्यांनी सवयीने त्यात ओळ शोधली. ती सापडेना. मग नुसतंच बघणं आलं. एक माशी तेरड्याच्या फुलात शिरली, पाठीवर पांढरी भुकटी घेऊन बाहेर आली, दुसऱ्या फुलात गेली. कुर्डूच्या तुऱ्यावर फुलपाखरू बसलं, उडालं, परत तिथेच आलं. रानतुळशीचा वास येत होता, तो तर ते इथे आले तेव्हाही येत असणार. आणि वर पाहिलं की केळीचं पान दिसायचं, आणि पानाच्या कडेला इनासचे हात दिसायचे. हात थरथरत होते. दुसऱ्या तासापासून ते फारच थरथरत होते, पण पान खाली आलं नाही. ज्याला आपण आज बेघर करणार होतो तो माणूस आपल्याला सावली धरून उभा आहे, हे मुकादमांना कळायला तेवढा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं आणि दोन माश्या त्यातून बाजूला सरकल्या.

तीनची घंटा झाली. बाबांनी सावकाश प्रार्थना पुरी केली, क्रूसाची खूण केली आणि उठले.

"मुकादमभाऊ," बाबा म्हणाले, "काय सुंदर मौन पाळलंत. आमच्यातल्या जुन्या जुन्या साधूंनाही हे साधत नाही."

"म्म्म्," मुकादम म्हणाले.

"बहिणींनो," बाबा माश्यांना म्हणाले, "हे आपले भाऊ दमले आता. उतरा."

एकही माशी हलली नाही. बाबांनी इनासकडे पाहिलं. "इनासभाऊ, या तुमच्या वाफ्यावर चरणाऱ्या. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगून बघा."

इनास बोलू लागला. आज त्याला कुणी घाई केली नाही. "बायांनो," तो म्हणाला, "मी काय सांगू तुमाला? उतरा म्हणीन, पण उतरून जाल कुठं? वाफा आता खणायचा हाय. आमी पण चाललो. मला इचारू नका. हे... मुकादमसाहेबांना इचारा."

माश्यांचा गुणगुणाट उतरला. आणि मुकादमांच्या ओठांवर ज्या माश्या होत्या, फक्त तेवढ्या, दोन्ही बाजूंना चालत गेल्या आणि तोंडापुरती जागा मोकळी झाली. बाकी एक जागची हलली नाही.

"राहू दे," मुकादम पुटपुटले.

"काय राहू दे, भाऊ?" बाबांनी विचारलं. त्यांना खरोखरच ऐकू कमी येत होतं.

"वाफा."

"कसा?"

"आहे तसा."

"तो तर मी तुम्हाला देऊन बसलोय. आता तुमचा आहे. कुणासाठी राहू द्यायचा, ते तुम्हीच सांगायला हवं."

मुकादमांनी डोळा मिटला. "यांच्यासाठी," ते म्हणाले, "आणि इनाससाठी. इनासला इथून कुणी हलवायचं नाही. मीसुद्धा नाही."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की पावलीन झोपडीतून धावत आली. ती बाबांना म्हणाली, "सांगितलंत म्हणायचं त्याला," आणि तिथेच पदराने डोळे पुसायला लागली.

इनासने केळीचं पान खाली ठेवलं. त्याचे हात पार आखडले होते. भिंतीतलं रिकामं मडकं त्याने उचलून आणलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि मुकादमांच्या समोर उभा राहिला. "साहेब, जरा वाकावं लागंल," तो संकोचून म्हणाला. "त्यांना चालत उतरता यायला पायजे."

आगुस्तीन मुकादमांना वाकलेलं पालखडीत कुणी पाहिलं नव्हतं. ते आधी मानेत वाकले, मग खांद्यांत, मग कमरेत. टोपीचं टोक मडक्याच्या तोंडाला टेकलं. राणीमाशी आधी गेली आणि तिच्यामागून सगळ्या, एकामागून एक, घाई न करता, कोटावरून, कल्ल्यांवरून, कपाळावरून मडक्यात उतरल्या. एकीनेही डंख केला नाही. शेवटची उतरल्यावर इनासने मडकं कोनाड्यात परत ठेवलं, त्याचं तोंड वाफ्याकडे केलं आणि मागे वळून पाहिलं. मुकादम तसेच वाकलेले होते. टोपी गवतात पडली होती आणि टक्कल उन्हात उघडं होतं.

इनास घाबरत जवळ आला.

"साहेब," तो म्हणाला, "माश्या गेल्या."

"ठाऊक आहे मला," मुकादम म्हणाले, आणि त्याच्यापुढे तसेच वाकून राहिले.